आमदारांच्या टपालाची स्थळप्रत

सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी विचारलं, बाई गं, तुला येतं तरी काय, तर तिने खरं सांगून मोकळं व्हावं. मला स्थळप्रत ठेवता येते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे, तिच्यावर तारीख आणि कोपऱ्यात सही. माझ्या पहिल्या हेडक्लार्कनी हे मला एकदाच सांगितलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे कोणी न सांगताही, जिथे नको तिथेही, मी स्थळप्रत ठेवत गेले. ही गोष्ट त्याचीच आहे.

मी विमला तेंडोलकर, अव्वल कारकून. कचेरीचं नाव सांगणार नाही. कुडाळच्या आसपास आहे एवढं पुरे. मूळची तेंडोलीची, पण तिथे आता माझं म्हणून कोणी नाही. लग्न केलं नाही. आधी वडील आजारी, मग आई आजारी, आणि दोघं गेल्यावर माझ्याकडे बघायला कोणी येईल असं वय उरलं नव्हतं. कुडाळला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ मी कोणाशी एक शब्द बोलत नाही. कधी कधी सोमवारी कचेरीत पहिलं वाक्य बोलताना माझा आवाज घोगरा निघतो, आणि शिपाई सुगंधा विचारते, "बाई, सर्दी झाली काय?" मी होय म्हणते.

दोन हजार सहा साली आमच्या आमदारांना सरकारी ईमेल पत्ता मिळाला. आमदार म्हणजे सत्यवान आरोलकर. माणूस वाईट नव्हता, पण कॉम्प्युटर बघितला की दुसरीकडे बघायचा. त्यांचा पीए निकेत हा तरुण असूनही त्याच जातीचा. गाडीत पुढे बसणं आणि फोन उचलून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणणं, एवढंच त्याला छान जमायचं. तर एक दिवस हा निकेत कचेरीत आला आणि कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला पासवर्ड त्याने माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "बाई, साहेबांका येणारा टपाल तुम्ही काढून देत जावा. आमका ह्या काय जमणा नाय." आमचे कार्यालयप्रमुख हडकर साहेब समोरच उभे होते. ते म्हणाले, "बाई, करा तेवढं सहकार्य."

आमदाराचं टपाल सरकारी कारकुनाने उघडावं की नाही, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आला असता तर मी ती पत्रिका परत केली असती असंही छातीठोक सांगता येत नाही. कॉम्प्युटर शिकलेली त्या मजल्यावर मी एकटी होते आणि त्याचा मला थोडा माज होता.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तो ईमेल उघडायची, आलेली पत्रं छापायची आणि पाकिटात घालून निकेतकडे द्यायची. छापायची दोन प्रतींत. एक आमदारांना, एक स्थळप्रत. मला कोणी सांगितलं नव्हतं. कागद कचेरीतून बाहेर चाललाय म्हटल्यावर हात आपोआप "दोन" दाबायचा. हिरव्या फितीच्या फाईलवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मा. आमदार, ईमेल टपाल, स्थळप्रती", आणि ती फाईल बाकीच्या फायलींच्या रांगेत कपाटात लावून टाकली. कपाटाला कुलूप नव्हतं.

आणि मी ती पत्रं वाचायची. सगळी. छापताना डोळे मिटून घ्यायला मी काही संत नाही. मसुऱ्याचा एक मास्तर आंगणेवाडीच्या जत्रेला जादा गाड्या सोडा म्हणून लिहायचा आणि शेवटी नेहमी स्वतःच्या मुलाची बदली आठवायचा. इन्सुलीच्या नाक्यावर चहा विकणारा एकजण रोमन लिपीत मालवणी लिहायचा, ते वाचताना मला एकटीला हसू फुटायचं. मला ही माणसं ओळखीची वाटू लागली. शुक्रवारी मास्तराचं पत्र नसलं की मी मनात म्हणायची, बरं नाही की काय यांना. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. मी स्वतःचाही एक ईमेल पत्ता काढला होता. तो द्यायचा कोणाला हे सुचेना, म्हणून मी स्वतःलाच एक पत्र पाठवलं, "चाचणी" असं लिहून. ते पोचलं.

या सगळ्यांत माझी आवडती होती वालावलची जानकी केळुसकर. विधवा, मूलबाळ नाही, खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून बाजारात विकणारी. तिला लिहिता येत नव्हतं. तिची भाची श्रिया कुडाळच्या सायबर कॅफेत बसून तिच्या तोंडचं टाइप करायची. खाडीत पंप लावून रातोरात वाळू उपसली जात होती, आणि तिसऱ्यांचे थरच्या थर त्याबरोबर जात होते. पहिल्या पत्रात एक ओळ होती: "ओहोटीला आम्ही पायांनी चाचपून तिसऱ्या काढतो. आता पाय टेकत नाही." मी ती ओळ घरी जाऊन जेवताना स्वतःशी म्हटली. अशी अकरा पत्रं आली. आमदारांचं एकालाही उत्तर गेलं नाही. पाकीट फोडलं जात होतं की नाही याचीच मला शंका होती.

अकराव्या पत्रात तिने ठेकेदाराचं नाव घातलं, होड्यांचे नंबर घातले आणि कुठल्या वारी कुठल्या धक्क्यावर वाळू उतरते तेही घातलं. दोन हजार सातचा ऑक्टोबर होता तो. मी छापलं, दोन प्रतींत.

त्यानंतर आठवड्याने हडकर साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, ती आमदारांची हिरवी फाईल जरा बघू." मी काढून दिली. वरिष्ठांनी फाईल मागितली की द्यायची असते. दोन दिवसांनी फाईल परत आली, आणि अकराव्या पत्राच्या जागी त्याची झेरॉक्स वाकडी लावलेली होती. मी ती काढून सरळ लावली. मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःसाठी ठेवलेली नाही. ठेकेदार हडकर साहेबांकडे चहाला येतो हे सुगंधासुद्धा जाणून होती.

नोव्हेंबरात एका सकाळी जानकीबाईंच्या अंगणात, दाराच्या तोंडाशीच, कोणीतरी डंपरभर वाळू ओतून गेलं. वर तिचं पत्र खोचलेलं. छापलेलं, माझ्या स्टेपलरच्या पिनेसकट.

हे मला कसं कळलं? श्रियाच्या पत्राने. डिसेंबरात आमदारांना आलेलं ते शेवटचं. ते मी इथे लिहिते, कारण ते मला पाठ आहे. "माननीय साहेब, माझ्या मावशीचं पत्र ठेकेदाराच्या हातात गेलं. अंगणात डंपरभर वाळू ओतून वर ते छापलेलं, पिन मारलेलं पत्र खोचलं होतं. माझे बाबा त्याच्याकडे डंपरवर ड्रायव्हर आहेत, म्हणून मावशीला वाटतं मी घरी सांगितलं. मी सांगितलं नाही. ती माझ्याशी बोलत नाही. साहेब, वाळूचं काही करू नका हवं तर. फक्त ते पत्र तुमच्याकडून कोणी वाचलं असेल तर तेवढं लिहून द्या. मी मावशीला दाखवीन. तिला माझ्याशिवाय कोणी नाही." खाली फोन नंबर होता.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी एकच प्रत छापली. ती निकेतच्या पाकिटात घातली आणि पाकीट त्याच्या हातात न देता तिथेच उभी राहिले. तो म्हणाला, "काय बाई?" मी म्हटलं, "हे पत्र साहेबांना वाचायला सांग." तो "होय होय" म्हणाला. पुढे काही झालं नाही. होणार नव्हतंच.

मला कुणीतरी म्हणेल, बाई, वालावल काय विलायतेत आहे? एसटीने तासाभराचा रस्ता. जायचं आणि सांगायचं. हे मी स्वतःला रोज म्हणत होते. अंघोळ करताना म्हणायची, भाजी चिरताना म्हणायची. पण सांगायचं काय? मी तुमचं पत्र उघडलं, त्याची नक्कल काढली, ती कुलूप नसलेल्या कपाटात ठेवली आणि ज्याने मागितली त्याच्या हातात दिली? आणि उद्या तीच बाई हे कोणापुढे बोलली, तर चौकशी माझी. पासवर्ड माझ्याकडे, अक्षर माझं, फाईल माझी. मी घाबरले. एकटं राहणारं माणूस नोकरीला किती घट्ट धरून असतं ते घरात चार माणसं असलेल्यांना कळायचं नाही. कचेरी सुटली तर मला सर्दी झाली काय, हेसुद्धा कोणी विचारणार नव्हतं.

असं वर्ष गेलं. मग निकेतने कुठल्याशा चहाच्या टपरीवर फुशारकी मारली की आमच्या साहेबांचं ईमेल सरकारी बाई सांभाळतात, प्रतींची फाईलसुद्धा ठेवतात. ते एका वार्ताहराने ऐकलं, अंगणातल्या वाळूवर खोचलेल्या पत्राशी जोडलं आणि गावाचं नाव न घालता पेपरात चौकटीत छापून आणलं. आणि त्यावरून विदर्भातल्या एका आमदाराने, ज्यांचा सिंधुदुर्गाशी संबंध काजू खाण्यापुरता असावा, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न टाकला.

ज्यांनी कचेरीत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतो आणि मंत्री उत्तर देतात, एवढं लोकांना माहीत असतं. मंत्र्यांना ते उत्तर कोण देतं, हे माहीत नसतं. तो प्रश्न मंत्रालयातून खाली खाली येतो आणि शेवटी एखाद्या कारकुनाच्या टेबलावर पडतो. कारकून मसुदा लिहितो आणि तो मग एकेका सहीने वर चढत जातो. आमच्याकडे याला एलएक्यू म्हणतात. "एलएक्यू आलाय" म्हटलं की जेवणाचे डबेसुद्धा अर्धे बंद होतात. आणि आमच्या कचेरीत एलएक्यूचं टेबल माझं होतं.

म्हणजे मी काय केलं, हे सरकारने मला विचारलं होतं.

प्रश्न असा होता. एक, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींच्या ईमेलचा पासवर्ड शासकीय कर्मचाऱ्यांकडे असून त्यातील पत्रांच्या प्रती कार्यालयात ठेवल्या जातात, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, अशा एका पत्रातील मजकूर त्रयस्थ व्यक्तीच्या हाती गेला, हे खरे आहे काय? तीन, असल्यास, याबाबत शासनाने कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे?

मी तो कागद तीनदा वाचला आणि मला काय वाटलं सांगू? सुटका. भीती नंतर आली. आधी वाटलं, बरं झालं. आता मला वालावलला तोंड घेऊन जायला नको. सभागृहात मंत्री उभे राहून म्हणतील, होय, हे खरे आहे. ते छापलं जाईल. मी तो छापील कागद घेऊन जानकीबाईंकडे जाईन, किंवा टपालानेही पाठवता येईल. श्रियाने लिहून मागितलं होतं ना? मग सरकारनेच लिहून दिलेलं असेल. माझा माणसांपेक्षा कागदावर विश्वास जास्त, आणि त्यात माझा दोष नाही. कागदाने मला कधी फसवलं नव्हतं.

मी मसुदा लिहिला. एक, होय, हे खरे आहे. दोन, होय, हे खरे आहे. तीन, संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा मागविण्यात येत आहे. तो संबंधित कर्मचारी मीच. ते लिहिताना मी एकदाही खाडाखोड केली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

हडकर साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. दार लावलं की साहेब मालवणीत बोलत.

"विमलाबाई, ह्या काय लिवलात?"

"खरा ता लिवलंय, साहेब."

"खरा म्हणान कोण असा लिवता काय? ह्या मंत्री उभे रवान वाचतले. तुमका निवृत्तीक किती म्हयने रवले?"

"एकवीस."

"मगे?" त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. मग पेनाचं टोपण काढत हळू म्हणाले, "माझ्या घरातय दोन पोरां आसत, बाई. तुमी एक करा. 'अंशतः खरे आहे' लिवा. पासवर्ड आमदारांनीच दिल्यानी मां? मगे ता अर्धा खरा."

हडकर साहेब राक्षस नव्हते. राक्षस असते तर मी ऐकलं नसतं. पण ते असं हळू बोलले आणि मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही आली. "अंशतः खरे आहे." मी मनाशी हिशेब मांडला की अंशतः म्हणजे निदान खोटं तर नाही. जानकीबाईंना समजावून सांगता येईल. मी पहिल्या दोन्ही उत्तरांत "होय" खोडून "अंशतः" केलं आणि मसुद्यावर सही केली. त्याची स्थळप्रत ठेवली.

अधिवेशन संपलं. जानेवारीत छापील उत्तरांचा गठ्ठा आला. मी पाकीट स्वतः फोडलं, सुगंधाला हात लावू दिला नाही. आमचा प्रश्न सोळाव्या पानावर होता. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

माझा "अंशतः" कुठल्या मजल्यावर गळला ते मला माहीत नाही. जिल्ह्यात गळला असेल, नाहीतर पुढे कुठे. प्रत्येक टेबलावर माझ्यासारखंच कोणीतरी बसलेलं असणार, ज्याचे निवृत्तीला काही महिने राहिले असतील आणि ज्याने एखादाच शब्द बदलला असेल. उद्भवत नाही. हे शब्द मी स्वतः शेकडो उत्तरांत लिहिले होते. रस्त्याच्या, धरणाच्या, शाळेच्या छपराच्या. पहिलं उत्तर "नाही" आलं की पुढच्या प्रश्नांना ते लावून टाकायचं, विचारही करावा लागत नाही. त्या दिवशी मी ते दोन शब्द बघत बसले आणि मला श्रियाचं पत्र आठवत राहिलं. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. सरकारच्या मते ती मुलगी उद्भवतच नव्हती.

मी कोणावर रागवायचं? मंत्र्यांवर रागवणं सोपं होतं, आणि दोन दिवस मी तेच केलं, भांडी आपटून. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी सोळावं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि वालावलची गाडी धरली.

जानकीबाईंचं घर विचारत जावं लागलं. लोक सांगत होते, पण आधी मला वरखाली बघत होते. देवळाच्या तळ्यावरून खाली खाडीकडे उतरलं की शेवटचं घर. अंगणात वाळू तशीच होती. चौदा पावसाळी-उन्हाळी महिन्यांत तिच्यावर गवत उगवलं होतं आणि मधून दारापर्यंत एक पायवाट पडली होती. तिने ती उचलली नव्हती.

बाई पायरीवर बसून जाळीची पिशवी शिवत होत्या. माझ्याएवढ्याच वयाच्या, पण माझ्यापेक्षा बारीक आणि सरळ.

"कोण गो?"

"मी विमला तेंडोलकर. कुडाळसून इलंय. कचेरीत असतंय."

"कचेरीत?" त्यांनी सुई थांबवली. "माजा कचेरीत काय काम नाय."

"माझा तुमच्याकडे आसा."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण जराशा सरकल्या. मी पायरीवर बसले. वाटेत तीन प्रकारे बोलणं जुळवलं होतं. त्यातलं एकही तोंडात येईना, म्हणून मी सोळावं पान काढून पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

"माका वाचूक येणा नाय. काय म्हणता ता?"

"तुमचा वाळूचा पत्र कचेरीत कोणी उघडला काय, असा विधानसभेत इचारल्यानी. सरकार म्हणता, ह्या खरा नाय."

"बरा."

"पण ता खरा आसा. तुमचा पत्र मीच उघडलंय. तेची नक्कल काढलंय. ती माझ्या कपाटातसून गेली. श्रियान कोणाक काय सांगूक नाय."

इतकं बोलायला मला चौदा महिने लागले होते, आणि ते चार श्वासांत संपलं. जानकीबाई खाडीकडे बघत होत्या. ओहोटी होती. काठाला कोणी नव्हतं.

"आमदारान वाचल्यान मां?" त्यांनी विचारलं.

"नाय. माका नाय वाटणा."

"म्हणजे अकराय पत्रां तूच वाचलंस."

"होय."

"एकटी तूच."

"होय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मी त्यासाठीच आले होते. पण त्या म्हणाल्या, "आणि चौदा म्हयने तू खंय होतंस?"

"भियालंय."

"कोणाक?"

हडकर साहेबांना म्हणावं तर ते स्वतःच भ्यालेले. चौकशीला म्हणावं तर ती मी स्वतःच्या हाताने लिहून मागितली होती. मला वाटतं, मला या बाईंच्या तोंडाची भीती वाटत होती. जिचं एकेक वाक्य मी पाठ केलं होतं, तिने मला बघून तोंड फिरवलं तर माझ्याकडे काय उरलं असतं? पण हे असलं तिला कसं सांगायचं.

"ती दारात इलेली," जानकीबाई म्हणाल्या. "त्याच दिसा सांजेक. ही वाळू मधी, ती थयसर उभी. रडत होती. मी दार उघडूक नाय. आतसून म्हटलंय, तुजो बापूस वाळू खाता आणि तू माका खातंस. बारीक असताना तिका मी वाढवलंय गो. आवशीक बरा नसायचा, तेवा माझ्याच कुशीत निजायची. आता म्हापशाक औषधाच्या दुकानात ऱ्हवता म्हणतत. फोन करायची पयली पयली. मी उचलूक नाय."

त्या उठल्या. मी पण उठले, निघून जा म्हणतील म्हणून. त्या आत गेल्या आणि खिडकीतला बीएसएनएलचा बिनतारी फोन उचलून दारात घेऊन आल्या. भिंतीवर कोळशाने नंबर लिहिला होता. तो न बघताच त्यांनी एकेक आकडा दाबला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"तूच सांग."

"तुमी आधी बोला तिच्यांगडा. मगे मी..."

"माका तोंड नाय," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "सांग तू."

मी फोन कानाला लावला. घंटी वाजत होती. मी मनाशी वाक्य जुळवत होते, अधिकाऱ्यासमोर जुळवावं तसं. नमस्कार, मी अमुक कार्यालयातून बोलते. दुपारचा एक वाजला होता. पाचव्या घंटीला फोन उचलला गेला आणि मी तोंड उघडण्याआधीच पलीकडून घाईघाईने, धापा टाकत आवाज आला.

"मावशे? मावशे, जेवलंस?"

माझी आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. जुळवलेलं सगळं गेलं. मला वाटलं, म्हणावं, जेवलंय गो. एवढंच म्हणावं, एकदाच, आणि फोन जानकीबाईंच्या हातात द्यावा. जानकीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"मावशे, बोल मां. माका राग नाय."

"मी तुजी मावशी न्हय, बाय," मी म्हटलं. "मी कचेरीतली. तुजा पत्र मी वाचलेला."